धोकटीतले तीन दगड : वस्तऱ्याचा अनोळखी दगड ओळखायचा कसा

माळा आवरताना आजोबांची धोकटी, म्हणजे न्हाव्याच्या हत्यारांची पिशवी, निघाली. चामडं पापडासारखं कडक झालेलं. आत कात्री, नराणी, पितळी वाटी, दोन वस्तरे आणि फडक्यात गुंडाळलेले तीन दगड. वस्तऱ्यांच्या शेपटीवर जर्मनीतल्या सोलिंगेन शहराचं नाव अजून वाचता येत होतं. दगडांवर मात्र कसलंच नाव नाही. एक तळहाताएवढा, दोन रंगांचा. दुसरा काळाकुट्ट आणि जड. तिसरा हिरवट करडा, लांबट, अरुंद, मधोमध वापरून खोलगट झालेला.

तात्यांना, म्हणजे माझ्या चुलत्यांना, दाखवले. त्यांनी तिन्हींवरून अंगठा फिरवला आणि रांगेत मांडले. "हा आधी, हा मग, हा शेवटी. पहिला खातो, शेवटचा चाटतो." कुठून आणले होते विचारलं, तर म्हणाले, "बाजारातनं. अजून कुठनं?"

तिथून माझी दगड ओळखण्याची खटपट सुरू झाली. वस्तऱ्याने दाढी करणारी हौशी मंडळी हल्ली पुण्या-मुंबईतही बरीच आहेत आणि जुन्या बाजारात, भंगारात, आजोळच्या पेटाऱ्यात असे बिननावाचे दगड त्यांना सापडत असतात. हा लेख त्यांच्यासाठी.

आधी एक गोष्ट सांगून ठेवतो, म्हणजे पुढचा अपेक्षाभंग टळेल. दगडाची जात घरबसल्या बऱ्यापैकी ओळखता येते. त्याची खाण सहसा ओळखता येत नाही. आणि ज्या नावासाठी लोक पैसे मोजतात, ते नाव जवळजवळ नेहमी खाणीचं किंवा विकणाऱ्याचं असतं, जातीचं नसतं. त्यामुळे प्रत्येक करडा दगड विकताना 'एशर' या जर्मन पेढीचा होतो आणि प्रत्येक पिवळट दगड 'बेल्जियन'. इच्छा आधी आणि परीक्षा मागून, असा हा उलटा कारभार आहे.

वस्तऱ्याला वेगळा दगड का लागतो

विळीला किंवा सुरीला आपण कपाच्या बुडाच्या खरखरीत कडेवरसुद्धा धार लावतो. भाजी कापायला ती पुरते, कारण धारेवरचे सूक्ष्म दाते टोमॅटोच्या सालीत शिरायला मदतच करतात. वस्तरा गालावर फिरतो. तिथे दाते नकोत. दाढीचा केस साधारण दहावा हिस्सा मिलिमीटर जाड, म्हणजे शंभरेक मायक्रॉन. आणि चांगल्या वस्तऱ्याच्या धारेचं अगदी टोक एका मायक्रॉनपेक्षाही बारीक. दगडाने पोलादावर ओढलेला प्रत्येक ओरखडा त्या टोकापर्यंत येऊन संपतो. ओरखडा खोल असेल तर टोक करवतीसारखं होतं आणि गाल दिवसभर चुरचुरतो.

त्यात वस्तऱ्याची एक सोय आहे. त्याची पाठ जाड असते आणि दगडावर घासताना पाठ आणि धार दोन्ही टेकवायच्या असतात, त्यामुळे कोन आपोआप ठरतो. हात फारसा चुकत नाही. मग उरतो दगड. धार कशी होणार हे त्याचा दाणा, तो दाणा किती सैल सुटतो आणि किती खोल ओरखडतो, यावर ठरतं.

कृत्रिम दगडाला नंबर असतो. ८००० नंबरच्या जपानी दगडातला दाणा साधारण एक-सव्वा मायक्रॉनचा. नैसर्गिक दगडाला असा नंबर लावायचा मोह सगळ्यांना होतो आणि तिथेच फसगत होते. बेल्जियमचा कोटिक्यूल घ्या. त्यात कापायचं काम करतात ते गार्नेटचे, म्हणजे तामड्याच्या कुळातले, कण. त्यांचा आकार साधारण ५ ते १५ मायक्रॉन. नुसत्या मापाने पाहिलं तर हा दगड वस्तऱ्याला भरडच वाटावा. पण हे कण काचेच्या तुकड्यासारखे टोकदार नसतात. अनेक बाजूंच्या जवळजवळ गोल मण्यांसारखे असतात. ते पोलादात खोल रुतत नाहीत, वरवर खरवडतात. शिवाय ते अभ्रकाच्या मऊ पिठात बसलेले असतात, त्यामुळे खरखरीत धार मिळण्याऐवजी चक्क मुलायम धार मिळते. म्हणून 'हा दगड किती नंबरचा' हा प्रश्न नैसर्गिक दगडाला विचारून उपयोग नाही.

घराणी

वस्तऱ्याच्या नावाजलेल्या दगडांची घराणी मोजकीच आहेत. ती एकदा कळली की बरीचशी कोडी निम्मी सुटतात.

कोटिक्यूल बेल्जियमच्या आर्देन भागातला, व्हिएल्साल्म आणि लिएर्नो या गावांच्या परिसरातला. रंग साईसारखा पिवळट. साधारण ४८ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळावरचा हा गाळ आहे. पिवळे थर अगदी पातळ असतात आणि जांभळट निळ्या पाटीच्या दगडात सँडविचसारखे अडकलेले असतात. त्यामुळे कोटिक्यूलची लादी पुष्कळदा दोन रंगांची मिळते. एका बाजूला पिवळा, दुसऱ्या बाजूला निळा. हा सांधा नैसर्गिक असेल तर रेघ किंचित लहरत जाते, रंग एकमेकांत उतरतात. कारखान्यात आधारासाठी पाटी चिकटवलेली असेल तर मधे सरळ, काळसर डिंकाची रेघ दिसते. दोन्ही अस्सलच, फक्त प्रकार वेगळे.

दुसरं घराणं जर्मनीतल्या थुरिंजियाचं. झोनेबर्ग हे खेळण्यांसाठी प्रसिद्ध असलेलं गाव. तिथल्या 'जे. जी. एशर अँड झोन' या पेढीने आसपासच्या डोंगरातला बारीक पाटीचा दगड वस्तऱ्यासाठी जगभर विकला. जवळचं श्टाइनाख गाव पाटीवरच्या पेन्सिलींसाठी नावाजलेलं होतं. ज्या डोंगरातून पोरांच्या पेन्सिली निघाल्या, त्याच डोंगरातून त्यांच्या बापांच्या दाढीचे दगड निघाले. रंग गडद निळ्यापासून पिवळट हिरव्यापर्यंत. एशरच्या लाद्या लांबट, अरुंद, टोकाला कागदी लेबल. लेबल शाबूत असेल तर किंमत कुठल्या कुठे जाते आणि लेबल नसेल तर भांडणं सुरू होतात, कारण त्या भागातून दगड काढणारे एशर एकटेच नव्हते.

अमेरिकेत आर्कान्सा राज्यातल्या हॉट स्प्रिंग्जच्या आसपास, वॉशिटा डोंगररांगेत, नोव्हाक्युलाइट सापडतो. लॅटिनमध्ये नोव्हाक्युला म्हणजे वस्तरा. दगडाचं नावच वस्तऱ्यावरून पडलं. हा जवळजवळ शुद्ध सिलिका, ९९ टक्क्यांहून जास्त. पांढरा, करडा, काळा, लालसर, कसाही असतो. काही तुकडे इतके घट्ट असतात की मागे विजेरी धरली तर कड मधासारखी उजळते.

जपानमध्ये क्योतोच्या पश्चिमेच्या डोंगरातले दगड. नाकायामा, ओझुकू, ओहिरा ही खाणींची नावं. हे ओळखायचे ते आकारावरून. विटेसारखे जाड, पाठीमागे छिन्नीचे घाव आणि बाजूंना पाणी शिरू नये म्हणून रोगण. ते रोगण पुष्कळदा काजूच्या टरफलातल्या तेलापासून केलेलं असतं. कोकणात काजू भाजताना बोटं सोलून काढतं, तेच तेल. आपला बिब्बाही त्याच कुळातला. वर शाईचे शिक्के असतात. त्यांवर मी तरी फार विश्वास ठेवत नाही. दगड पुन्हा काढता येत नाही, पण शिक्का कधीही मारता येतो.

ब्रिटनमध्ये लेस्टरशायरच्या व्हिटल हिलचा चार्नली फॉरेस्ट. हिरवट, तांबूस ठिपक्यांचा, फार कठीण. वेल्समधले लिन इडवाल आणि मेलिनलिन. स्कॉटलंडमध्ये एअरशायरचा, ठिपकेदार करडा, 'टॅम ओ'शँटर' नावाने विकला गेलेला. आणि जुना तुर्की तेलदगड, जो इझमिरच्या बंदरातून युरोपात जायचा. त्यात चुनखडीच्या जाळीत सिलिका अडकलेली असते. हा पुढे उपयोगी पडणार आहे.

आधी शंका घ्या

आजोबांच्या पहिल्या दगडापासून सुरुवात केली. दोन रंग पाहून माझ्या मनात लगेच बेल्जियम आलं. भिंगातून पाहिलं. दोन्ही थरांतला सांधा पट्टीने आखल्यासारखा सरळ होता. दाणे सगळे एका मापाचे. काळ्या बाजूला ऊन लागलं की बारीक चमक, साखरेसारखी. आणि लादीच्या चारही कडा साच्यातून निघाल्यासारख्या किंचित गोलावलेल्या.

हा कृत्रिम दगड. १८९१ साली अमेरिकेत एडवर्ड अॅचेसनने विजेच्या भट्टीत सिलिकॉन कार्बाइड बनवलं, त्याचं नाव कार्बोरंडम पडलं आणि पुढच्या काही दशकांत न्हाव्यांच्या खिशात मावतील असे छोटे कृत्रिम दगड सगळीकडे गेले. 'अनोळखी नैसर्गिक दगड' म्हणून जे हातात येतं, त्यात हे भरपूर असतात. खात्री करायची असेल तर गारगोटीच्या सपाट भागावर दगडाचा कोपरा जोर देऊन ओढा. गारगोटीची कठीणता मोसच्या १ ते १० या मोजपट्टीवर ७, सिलिकॉन कार्बाइडची ९च्या वर. ओढलेली रेघ पुसूनही राहिली, नखाला लागली, तर दगड कृत्रिम. पाटीच्या जातीचा दगड गारगोटीवर फक्त आपलीच पूड सोडतो.

इथे एक खास आपल्याकडची शक्यता लक्षात ठेवायची. शिकलगार लोक पूर्वी धारेची चाकं कुरुंदाची पूड लाखेत कालवून करत. कुरुंद हा आपल्या दक्षिणेतलाच खनिज दगड. इंग्रजीतला 'कोरंडम' शब्दही इकडूनच गेलेला. अशा चाकाचा तुटका तुकडा जुन्या अवजारांत सापडला तर नैसर्गिक दगडच वाटतो. तापवलेली सुई कडेला टोचून पाहा. सुई रुतली आणि मोहोर उठवताना येतो तसा लाखेचा वास आला, की विषय संपला.

कडप्प्याची कहाणी

दुसरा दगड काळा. खोबरेलाने माखलेला, वास येणारा. आता धुणं आलं आणि धुताना मी जी चूक केली ती आधी सांगतो. तिन्ही दगड एकदम गरम साबणाच्या पाण्यात टाकले. अर्ध्या तासाने पाहतो तर तिसऱ्या दगडाच्या टोकाला चिकटलेला कागदाचा कपटा पाण्यात विरघळून गेलेला. धुण्याआधी घेतलेल्या एका फोटोत त्याची निळसर कड तेवढी दिसते. अक्षर एकही नाही. तेव्हा धुण्याआधी सगळ्या बाजूंचे फोटो काढा. कागद, शिक्का, पेन्सिलीची खूण, पेटीचं लाकूड, काहीही असलं तरी त्याला पाणी लावू नका. दगड आहे तसाच राहतो, पण त्याची ओळखपत्रं फार नाजूक असतात.

बाकी धुण्याचं शास्त्र सोपं आहे. खोबरेल, तिळेल अशी तेलं वर्षानुवर्षं राहिली की चिकट होऊन वार्निशासारखी बसतात आणि दगड कापेनासा होतो. भांड्याचा साबण, जुना दात घासायचा ब्रश आणि संयम. उकळायचं नाही. थरांचा दगड तडकतो. कॉस्टिक सोड्याचे उपायही सांगितले जातात, पण त्यात हात आणि डोळे दोन्ही जायची भीती.

तेल निघाल्यावर दगडाचा खरा रंग दिसला. काळाच. आणि इथे रंगाबद्दल थोडं. दगडाचा रंग बहुतेक वेळा त्यातल्या चिमूटभर भेसळीचा असतो. पाटीच्या दगडात हिरवा आला तर क्लोराइट या खनिजामुळे, जांभळा-तांबडा आला तर लोहाच्या गंजामुळे, काळा आला तर कर्बामुळे. कापण्याचं काम करणाऱ्या कणांशी त्याचा संबंध नसतो. त्यात ओला दगड वेगळा, कोरडा वेगळा, तेलकट तिसराच. फोनच्या फोटोवरून दगड ओळखून देणारे लोक म्हणूनच मला नाडी न बघता औषध देणाऱ्या वैद्यांसारखे वाटतात.

काळ्या दगडाच्या बाजूला, जिथे धार लावत नाहीत तिथे, व्हिनेगरचा थेंब टाकला. आधी काही नाही. मग ब्लेडने थोडी पूड खरवडून त्यावर थेंब टाकला, तर बारीक फेस. कडप्प्याचा ओटा असलेल्या घरात ही परीक्षा रोज होते. ओट्यावर लिंबू कापून तसंच ठेवलं की तिथली चमक जाऊन पांढुरका डाग पडतो. कडप्पा चुनखडीचा, आंबट लागलं की झिजतो. आजोबांचा मधला दगड म्हणजे बहुधा कुणाच्या तरी फरशीचा उरलेला तुकडा.

पण चुनखडीची कठीणता ३, वस्तऱ्याच्या कडक पोलादाची ६च्या पुढे. मग हा वस्तऱ्याला धार लावत तरी कसा होता? उत्तर व्हिनेगरच्या वाटीत मिळालं. पूड दिवसभर ठेवली, व्हिनेगर दोनदा बदललं, तरी तळाशी काळसर, न विरघळणारा गाळ उरला. माती आणि सिलिकेचे अतिबारीक कण. कापतात ते हे. चुनखडी त्यांना नुसती धरून ठेवते. वर सांगितलेला तुर्की तेलदगड नेमक्या याच तत्त्वावर चालतो. फडक्यात गुंडाळलेला हा फरशीचा तुकडा त्या इझमिरच्या दगडाचा गरीब चुलतभाऊ म्हणायचा. आजोबांना हे रसायन माहीत नसणार. त्यांना काय चालतं ते माहीत होतं.

वजन, वास आणि गंध

आता तिसरा. यावर मी दोन रविवार घालवले.

पहिली परीक्षा नखाची, मग चाकूची. नखाची कठीणता अडीच, चाकूच्या पात्याची साडेपाचच्या आसपास. दगडाच्या बाजूवर चाकूचं टोक ओढलं, तर पांढरी रेघ उमटली. म्हणजे चाकूहून मऊ. आर्कान्साचा असता तर उलट झालं असतं. चाकूच झिजून दगडावर शिसपेन्सिलीसारखी करडी रेघ राहिली असती. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात सापडणारी अकीक-जास्परची जात असती तरी तेच. म्हणजे सिलिकेचं अख्खं घराणं एका रेघेत बाद.

दुसरी परीक्षा वासाची. दगड कोरडा करून त्यावर तोंडाने दमट वाफ सोडायची आणि लगेच हुंगायचं. मातीचा वास येतो का? पहिल्या पावसासारखा? तो मातकट खनिजांचा वास, पाटीच्या जातीत येतो, शुद्ध सिलिकेत येत नाही. या दगडाला आला. नखाने टिचकी मारल्यावर आवाजही पाटीसारखा टणत्कारी. व्हिनेगरला त्याने काही दाद दिली नाही, पूड करूनसुद्धा नाही.

तिसरी परीक्षा घनतेची, आणि ही मला सगळ्यांत आवडते, कारण यात मत नसतं, आकडा असतो. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. दगड कोरडा वजन करायचा. माझा ३१८ ग्रॅम भरला. मग काट्यावर पाण्याने भरलेलं पातेलं ठेवून आकडा शून्य करायचा. दगडाला दोरा बांधून तो पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही, असा हाताने धरायचा. आता काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढं पाणी दगडाने बाजूला सारलं. माझ्या वेळी ११६. कोरड्या वजनाला या आकड्याने भागायचं. ३१८ भागिले ११६, म्हणजे २.७४. झाली घनता. मन घट्ट करून तीनदा करा, कारण दोरा धरलेला हात हलतो.

आता हा आकडा वाचायचा कसा? गारगोटीची घनता २.६५. नोव्हाक्युलाइट शुद्ध सिलिका असल्यामुळे याच्या वर जाऊच शकत नाही. गंमत अशी की त्या घराण्यात घनता थेट बारीकपणा सांगते. द्रव्य एकच, फरक फक्त मधल्या पोकळ छिद्रांचा. मऊ आर्कान्सा २.२च्या आसपास, कठीण २.३ ते २.४ आणि घट्ट पारभासक किंवा काळा २.५च्या वर. पाटीचे दगड २.७ ते २.८च्या टापूत. कोटिक्यूलमध्ये गार्नेट भरलेलं आणि गार्नेट पाण्याच्या जवळपास चौपट जड, म्हणून तो तीनच्या आसपास जातो. हातात घेतला तरी आकाराच्या मानाने जड लागतो.

पण नुसत्या आकड्यावर विसंबू नका. चुनखडीही २.७च असते, तिला पकडतं ते व्हिनेगर. पाट्या-वरवंट्याचा काळा पाषाण २.८ ते ३, त्याचे रवे भिंगाखाली पकडतात. आणि तेल मुरलेला सच्छिद्र दगड खोटा आकडा देतो. एक परीक्षा एक दार बंद करते, एवढंच. चार दारं बंद केल्यावर उरलेल्या खोलीत दगड असतो.

चौथी परीक्षा गंधाची. सहाणेवर चंदन उगाळतो तसा, दगडावर त्याच्याच जातीचा छोटा तुकडा पाण्याबरोबर उगाळायचा. तसा तुकडा नसेल तर हिरे बसवलेली धातूची पट्टी चालते. जो लेप तयार होतो त्याला हौशी मंडळी इंग्रजी शब्द वापरतात, मी गंधच म्हणतो. गंधाचा रंग दगडाच्या रंगापेक्षा जास्त खरं बोलतो. कोटिक्यूलचं गंध दुधासारखं. त्याच्या निळ्या जोडीदाराचं जांभळट. वेल्सच्या जांभळ्या पाटीचं तांबूस तपकिरी. थुरिंजियाचा दगड गडद असला तरी गंध पांढुरकं उतरतं. साध्या काळ्या पाटीचं गंध काळपटच. नोव्हाक्युलाइटचं गंध निघतच नाही म्हटलं तरी चालेल. नुसतं हात दुखून येतात. माझ्या दगडाचं गंध पांढुरकं, किंचित हिरवट झाक असलेलं, बोटांत धरून चोळलं तर साबणासारखं गुळगुळीत. कणही जाणवत नव्हते.

मग मी थुरिंजिया म्हणायला मोकळा झालो का? लांबट अरुंद घाट, रंग, घनता, गंध, टोकाचा कागद, सोबतचे सोलिंगेनचे वस्तरे, सगळं त्या दिशेला बोट दाखवतं. पण हिरवट बारीक पाटी वेल्समध्येही निघते, चीनमध्येही निघते. जो एक कागद निकाल लावू शकला असता तो मी स्वतःच्या हाताने पाण्यात घातला. त्यामुळे माझ्या वहीत लिहिलं, 'पाटीच्या घराण्यातला, थुरिंजियाचा असण्याची शक्यता बरी'. त्यापुढे एक अक्षर लिहिलं तर ती माझी इच्छा झाली.

एक सावधगिरी. हे उगाळणं, खरवडणं, घासणं नेहमी ओलं करायचं. कोरडी धूळ करायची नाही. या दगडांतली सिलिका फुप्फुसात गेली की परत येत नाही. मध्य प्रदेशातल्या मंदसौरमध्ये पाटीवरच्या पेन्सिली बनवणाऱ्या कामगारांना याच धुळीने सिलिकोसिस झाला. एक-दोन दगडांनी कुणाला तसं होत नाही, पण हौस वाढत जाते आणि बाथरूम लहान असते.

शेवटी वस्तरा

शेवटची परीक्षा दगड कुठला हे सांगत नाही, कसा हे सांगते. वस्तरा आधी ओळखीच्या, नंबर माहीत असलेल्या दगडावर नीट धारेला आणायचा. भिंगातून धारेचा पट्टा पाहायचा, ओरखड्यांची घनता, दिशा डोळ्यात साठवायची. मग अनोळखी दगडावर नुसत्या पाण्यात, वजन न टाकता, वीस-पंचवीस फेऱ्या. परत भिंग. ओरखडे खोल झाले असतील तर दगड आधीच्यापेक्षा भरड. पुसट होऊन धुकट झळाळी आली असेल तर बारीक. मग चामड्याच्या पट्ट्यावर फिरवून गालाला लावायचा. फक्त एका गालाला. दुसऱ्या गालावर ओळखीच्या दगडाची धार. दुपारपर्यंत कुठला गाल कसा वाटतो ते बघायचं.

पण यासाठी दगड सपाट हवा. काच, त्यावर वॉटर पेपर, पाणी, दगडावर पेन्सिलीच्या आडव्या-उभ्या रेघा आणि रेघा पुसल्या जाईपर्यंत घासणं. एवढंच काम. मी काच मांडली, पाणी घेतलं, खोलगट बाजू खाली केली.

तात्या खुर्चीत बसून बघत होते. "काय करतोस?"

"सपाट करतोय. मधे खड्डा पडलाय."

"तो पडला नाही. पाडलाय. बांनी." मग थोडं थांबून, "चाळीस वरसं लागली त्याला."

मी दगड उलटा केला. पाठची बाजू कोरी होती, करवतीच्या खुणांसकट. तीच सपाट केली. दीड तास लागला. डाव्या गालावर त्याची धार, उजव्यावर माझ्या नेहमीच्या कृत्रिम दगडाची. दुपारी तात्यांनी दोन्ही गालांवरून हाताची पालथी बाजू फिरवली आणि डाव्यावर थांबले.

आता तो दगड पुठ्ठ्याच्या डबीत आहे. वर चिठ्ठी लावली आहे. 'क्र. ३. पाटीचा दगड, हिरवट करडा. घनता २.७४. गंध पांढुरकं. व्हिनेगरला दाद नाही. मूळ गाव माहीत नाही. वरची बाजू घासू नये.'